शिक्षक चाळावा कीं घडवावा?

वकिली करावयाची तर कायद्याची पदवी घ्यावी लागते आणि पुढें वर्षानुवर्षें ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं कागद उलगडीत बसावें लागतें. वैद्यकी करावयाची तर रुग्णालयांत रात्री जागवाव्या लागतात. परंतु सहा वर्षांच्या पोरास पहिलें अक्षर गिरवावयास शिकविणें हें काम मात्र ज्याला चार अक्षरें येतात त्या कोणासही जमेल, अशी समजूत आमच्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसली आहे. 'दुसरें कांहीं जमलें नाहीं, तर मास्तरकी आहेच,' हें वाक्य ज्या घरांत बोललें जातें, त्याच घरांतलीं मुलें सकाळीं त्या मास्तरांच्या हवालीं केलीं जातात, हा विरोधाभास कोणाच्याही ध्यानांत येत नाहीं.

ही समजूत चुकीची आहे, हें देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंच एकदां स्पष्ट केलें आहे. २०१८ सालीं निघालेल्या एका अधिसूचनेनें बी.एड. झालेल्या उमेदवारांस पहिली ते पांचवीच्या वर्गांवर नेमण्याची मुभा दिली होती. वरकरणीं यांत वावगें कांहींच दिसत नव्हतें. पदवी मोठी, मग खालच्या वर्गास शिकविण्यास अडचण कोणती? परंतु ऑगस्ट २०२३ मध्यें न्यायालयानें ती अधिसूचना टिकूं दिली नाहीं. लहान मुलांस शिकविण्याची विद्या निराळी आहे, बी.एड.चा अभ्यासक्रम त्या विद्येसाठीं नाहीं, आणि मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो हक्क घटनेनें बालकांस दिला आहे, त्यांत शिक्षणाचा दर्जाही अंतर्भूत आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. मोठी पदवी म्हणजे योग्य पात्रता नव्हे, हें तत्त्व आतां कायद्यानें मान्य झालें. व्यवहारांत तें कितपत उतरलें, हाच आजचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रास हें तत्त्व नवें नाहीं. सावित्रीबाई फुले यांनीं मुलींच्या शाळेंत पाऊल ठेवण्यापूर्वीं अहमदनगर व पुणें येथें शिकविण्याचें रीतसर शिक्षण घेतलें होतें. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन करतांना जोतीराव फुल्यांनीं प्राथमिक शिक्षणाची बाजू तर मांडलीच, पण शिक्षक प्रशिक्षित असावे, ते शक्यतों शेतकरी वर्गांतून यावे आणि त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, असेंही निक्षून सांगितलें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९३५ सालीं साताऱ्यास खेड्यांतल्या शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज काढलें, तेंही याच विचारानें. शाळा काढावयाच्या तर आधीं शिक्षक घडविले पाहिजेत, हा क्रम या मंडळींनीं कधीं उलटा केला नाहीं. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

आज हा क्रम उलटला आहे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा आली. महाराष्ट्रांत ती २०१३ पासून घेतली जाऊं लागली. २०१७ पासून तिच्या जोडीस अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली. बारावीची परीक्षा, पदविकेची परीक्षा, पात्रतेची परीक्षा, अभियोग्यतेची परीक्षा! इतक्या चाळण्यांतून गेल्यावर शिक्षक उत्तमच निघावयास हवा. परंतु याच काळांत जेथें तो घडावयाचा तीं अध्यापक विद्यालयें ओस पडत गेलीं. त्याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. आधीं मागणीचा विचार न करतां खासगी विद्यालयांस परवानग्यांची खिरापत वाटली गेली. मग २०१२ पासून कित्येक वर्षें शिक्षकभरती जवळजवळ थांबली. पदविका घेतलेलीं हजारों मुलेंमुली घरीं बसलीं आणि त्यांच्या धाकट्या भावंडांनीं या वाटेकडे पाठ फिरविली. ज्यांना नेमणूक मिळाली, त्यांनीं शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षें काढावयाचीं. आणि २०२२ च्या अखेरपर्यंत प्राथमिक शिक्षणसेवकाचें मानधन होतें महिना सहा हजार रुपये, म्हणजे दिवसास दोनशें! २०२३ पासून तें सोळा हजार झालें, हें ठीक झालें. परंतु दिवसास दोनशें रुपयांवर राष्ट्राचा पाया भरावयास कोणी हुशार मुलगा आला नाहीं, तर दोष त्या मुलास कसा द्यावा?

आम्ही परीक्षेच्या विरुद्ध आहों, असा समज कोणीं करून घेऊं नये. १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेवेंत असलेल्या आणि निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवधि उरलेल्या शिक्षकांनींही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा निर्णय दिला. वीस वर्षें वर्ग सांभाळलेल्या माणसास तो जड वाटला, हें स्वाभाविक आहे. तथापि बालकाचा हक्क शिक्षकाच्या सोयीहून मोठा, हें त्यामागचें तत्त्व आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, परीक्षा ही चाळणी आहे. चाळणीनें खडे वेगळे काढतां येतात. पण मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत जोंधळा पिकवावा लागतो, चाळणी हालवून तो वाढत नाहीं. आणि चाळणीलाच भोक पडलें तर काय होतें, तें २०२१ सालीं पात्रता परीक्षेंतला गैरप्रकार उघडकीस आला तेव्हां महाराष्ट्रानें पाहिलें आहे.

सोलापूर जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर शिक्षकाच्या घडणीचा प्रश्न येथें अधिक नाजूक आहे. शहराच्या पूर्व भागांत विणकरांच्या घरीं तेलुगु बोलली जाते. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत खेडींच्या खेडीं कन्नड बोलतात. उर्दू बोलणारीं कुटुंबेंही थोडीं नाहींत. अशा घरचें मूल मराठी शाळेंत येऊन बसतें, तेव्हां तें मुकें नसतें, मंदही नसतें. त्याची भाषा वर्गाबाहेर चपलांशेजारीं राहिलेली असते, इतकेंच. त्या मुलाची भाषा चार शब्दांपुरती कां होईना समजून घेऊन त्याला मराठींत कसें आणावें, हें कौशल्य कोणत्याही प्रश्नपत्रिकेच्या चार पर्यायांत मोजतां येत नाहीं. तें वर्गांतच, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं शिकावें लागतें. यासाठींच पदविकेच्या अभ्यासक्रमांत वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेंत काढण्याची अट आहे. हे वीस आठवडे खरोखरीचे असतात, कीं सहीशिक्क्यांचे असतात, हें पाहण्याची तसदी जितकी घ्यावी तितकी थोडी.

येथें कोणी म्हणेल, 'प्रशिक्षणानें काय होतें? शिक्षक जन्मावाच लागतो. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले पाहा!' माढा तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळेच्या या शिक्षकास २०२० सालीं दहा लक्ष डॉलरांचा जागतिक पुरस्कार मिळाला आणि त्यांतली अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली, याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु राष्ट्राची शाळा अपवादांवर चालत नाहीं. सामान्य बुद्धीच्या, प्रामाणिक वृत्तीच्या माणसास चांगला शिक्षक बनवितें, तेंच प्रशिक्षण. विभूति आपोआप निपजत असतील. पण वाडीवस्तीवरच्या प्रत्येक शाळेस पुरतील इतके शिक्षक घडवावेच लागतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता करण्याचें योजिलें आहे. प्राथमिक शिक्षकासही पदवीधराचा मान मिळावा, हा हेतु स्तुत्य आहे. परंतु सांगोल्याच्या किंवा करमाळ्याच्या खेड्यांतली मुलगी बारावीनंतर दोन वर्षांत शिक्षिका होऊं शकत होती. तिच्या बापास शहरांतलीं चार वर्षें परवडतील काय? जोतीरावांनीं शेतकऱ्यांच्या घरांतून मागितलेला शिक्षक या दुरुस्तींत हरवूं नये, एवढी आमची चिंता आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोडक्यांत अशा आहेत. माळशिरस तालुक्यांतील वेळापूर येथें जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. तिच्यासारख्या संस्थांस पुरेसे अध्यापक व पैसा द्यावा आणि तालुक्यांतल्या निवडक शाळा सरावाच्या शाळा म्हणून तिच्याशीं जोडाव्या. नवी पदवी येईल तेव्हां ग्रामीण विद्यार्थ्यांस, विशेषतः मुलींस, वसतिगृह व विद्यावेतन मिळावें. भरती दर वर्षीं ठरल्या महिन्यांत व्हावी, म्हणजे हुशार मुलांस या वाटेवर पाऊल टाकण्याचें धैर्य येईल. सीमेवरच्या शाळांत जाणाऱ्या उमेदवारांस कन्नड अथवा तेलुगूचा व्यवहारापुरता परिचय करून द्यावा. आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य कामास शिक्षकांस जुंपूं नये, असें जें कायद्याचें कलम २७ सांगतें, तें अक्षरशः पाळावें.

यांतली एकही मागणी अशक्य कोटींतली नाहीं. १९४७ सालीं परक्यांचें राज्य गेलें. तेव्हांपासून शाळांच्या दुर्दशेचा दोष परक्यांवर ढकलण्याची सोय आपल्यास उरलेली नाहीं. कारखाना एक वर्ष उशिरां निघाला तर पुढल्या वर्षीं भरपाई करतां येते. पहिलींत बसलेलें मूल मात्र पुन्हां सहा वर्षांचें होत नाहीं. त्याच्यापुढें उद्यां सकाळीं खडू हातीं घेऊन कोण उभा राहणार, याचा विचार ज्यांच्या हातीं सत्ता आहे त्यांनीं तर करावाच. पण ज्यांच्या हातीं मत आहे, त्यांनींही करावा, अशी आमची आपल्या वाचकांस आग्रहाची विनंति आहे.