मागचा दिवा मालकाच्या हौसेसाठी नाही

पावसाळी संध्याकाळी चोर्ला वा अनमोड घाटात धुके उतरले की पुढच्या वाहनाचा अंदाज मागील चालकाला येतो तो लाल दिव्यावरूनच. याच दिव्यावर काळसर फिल्म चिकटवण्याची किंवा मूळ बल्बच्या जागी लुकलुकणारे एलईडी बसवण्याची हौस अनेकांना असते. ती निरुपद्रवी सजावट मानली जाते. कायदा तसे मानत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. दिव्याची नोंद प्रमाणपत्रात नसते, म्हणून तो मोकळा सुटतो असे मात्र नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागचा दिवा लालच हवा आणि दिशादर्शक दिवा मिनिटाला ६० ते १२० वेळाच लुकलुकायला हवा. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

या कठोरपणामागे कारण आहे. ब्रेक लागल्याचे मागच्याला कळते ते दिवा एकाएकी प्रखर झाल्याने. फिल्म ही प्रखरताच गिळते. भर उन्हात तर फरक जाणवतही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. तेवढा उशीर दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो. उलट, साध्या बल्बसाठी घडवलेल्या दिव्यात प्रखर एलईडी बसवला तर प्रकाश हवा तसा पसरत नाही आणि मागच्याचे डोळे दिपतात. कारखान्यातून एलईडीसह आलेल्या दिव्याची गोष्ट वेगळी. त्याची रचनाच तशी चाचणी करून केलेली असते.

खरी उणीव तपासणीत आहे. व्यावसायिक वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता तपासणी करून घ्यावी लागते. खासगी वाहनाची नोंदणी मात्र एकदम १५ वर्षांसाठी होते आणि पीयूसी केंद्रात धूर तपासला जातो, दिवे नव्हे. त्यामुळे सारी भिस्त रस्त्यावरील पोलिसांच्या नजरेवर राहते. पावसाळ्यापूर्वी वाहतूक खात्याने रात्रीच्या तपासणीत मागच्या दिव्यांकडे पाहिले आणि असे बदल करून देणाऱ्या दुकानांनाही जाब विचारला, तरच या कलमांना अर्थ राहील. मालकाला स्वतःचा मागचा दिवा दिसत नाही. त्याची किंमत मोजतो तो मागून येणारा.