बिनफळाच्या वेलाचे मोल

तोंडल्याच्या नर वेलाला फळ धरत नाही. साहजिकच शेतकरी मादी वेलाच्या काड्या लावतो आणि नर वेल कुंपणावर, ओढ्याकाठी रानटी उरतो. पुण्याच्या वनस्पतिशास्त्राचा एक मोठा शोध मात्र याच वेलामुळे लागला.

मुंबई सरकारचे पुण्यातील आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर यांनी १९४० मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये तोंडल्याची लिंग-गुणसूत्रे मांडली. पेशीत २४ गुणसूत्रे असतात. मादीत दोन एक्स, तर नरात एक एक्स आणि एक वाय. हा वाय इतर सर्व गुणसूत्रांहून मोठा, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच नजरेत भरणारा. माणसात पुरुषत्व वाय ठरवतो, हे सिद्ध व्हायला १९५९ उजाडावे लागले.

तोंडल्याच्याच कुळातल्या काकडीची रीत वेगळी. तिला लिंग-गुणसूत्रे नाहीत; एकाच वेलावर आधी नर फुले येतात, मग मादी. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली लवदार, बोटाच्या पेराएवढी काकडी आधीच दिसते. नर फूल नुसत्या देठावर उमलते आणि गळते. कोणती कळी मादी व्हावी हे प्रामुख्याने एथिलीन वायू ठरवतो. एथिलीन घडवणाऱ्या एका जनुकाची जादा प्रत ज्या वाणात असते, त्याच्या वेलावर जवळपास सगळी फुले मादीच येतात. १९६० च्या सुमारास अमेरिकेत या गुणावर संकरित वाण उभे राहिले. आज हरितगृहातली काकडी याच गुणावर पिकते. कडक उन्हात आणि लांबलेल्या दिवसांत मात्र साध्या वाणावर नर फुले वाढतात, हे उन्हाळी काकडी लावणाऱ्याला ठाऊक असते.

बाजार मादी फुलांना पैसे मोजतो, त्यात गैर काही नाही. पण शेतात तोंडल्याच्या मोजक्याच वेलांच्या काड्या पुन्हा पुन्हा लागल्या, की एका रोगाने सगळी लागवड एकदम बसू शकते. नवी जात घडवायची तर परागकण हवेत आणि ते नर वेलाकडेच आहेत. काकडीतही जुने वाण जपण्याजोगे आहेत; पुण्याचे नाव परदेशी बियाण्यांच्या यादीत पोहोचवणारा ‘पूना खिरा’ हा काकडीचा वाण असाच जुना ठेवा आहे.

म्हणून पुण्याच्या कृषी महाविद्यालयाने आणि संशोधन संस्थांनी जिल्ह्यातले रानटी नर वेल आणि जुन्या काकड्यांचे बियाणे गोळा करून जिवंत राखावे. शेतकऱ्यांनीही कुंपणावरचा एखादा नर वेल उपटू नये. वेल नष्ट झाला, तर त्याच्यातले गुण कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येणार नाहीत.