वेगाने वाढणारी झाडे आणि कार्बनचा हिशेब

वातावरणातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यासाठी झपाट्याने वाढणाऱ्या वृक्षांची मोठी लागवड करावी, हा विचार अलीकडे जोर धरू लागला आहे. २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सामावेल एवढे अतिरिक्त वृक्षाच्छादन निर्माण करण्याचे उद्दिष्ट भारताने २०१५ मध्ये जाहीर केले होते. मुदत थोडी असल्याने निलगिरी, सुबाभूळ यांसारख्या वृक्षांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. मात्र बंगळुरूच्या परिसराने वेगळ्या कारणासाठी का होईना, हा प्रयोग पूर्वीच केला असून त्याचे परिणाम विचारात घेण्याजोगे आहेत.

१९८० च्या दशकात कर्नाटकात जागतिक बँकेच्या साहाय्याने सामाजिक वनीकरणाचा कार्यक्रम राबवण्यात आला. बंगळुरूभोवतीच्या कोरडवाहू भागात आणि कोलार जिल्ह्यात निलगिरीचा झपाट्याने प्रसार झाला. या झाडाला मजूर कमी लागतात, जनावरे ते खात नाहीत आणि कागदाच्या लगद्यासाठी त्याला मागणी असते. त्यामुळे नाचणीच्या अनेक शेतांत निलगिरी उभी राहिली. या धोरणाविरुद्ध १९८३ मध्ये तुमकूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी रोपवाटिकांतील निलगिरीची रोपे उपटून टाकली.

वादाचा मुख्य मुद्दा पाण्याचा होता. या संदर्भात १९९० च्या दशकात झालेला जलशास्त्रीय अभ्यास उद्बोधक आहे. मध्यम खोलीच्या जमिनीत निलगिरी स्थानिक पानझडी जंगलापेक्षा अधिक पाणी घेत नसल्याचे त्यात आढळले. मात्र नाचणीच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. बंगळुरूजवळील होसकोटे येथे, जेथे माती खोल आहे, तीन वर्षांत झाडांनी वापरलेले पाणी पडलेल्या पावसापेक्षाही अधिक भरले. मुळे खोलवर जाऊन जमिनीतील साठलेला ओलावा खेचत होती.

कोलारमध्ये बारमाही नदी नाही. तेथील तलाव भरण्यासाठी २०१८ पासून बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जाऊ लागले. त्याआधी, २०१७ मध्ये, कर्नाटक सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली होती. भूजल खालावण्यास कूपनलिकांचा अतिरेकी उपसाही कारणीभूत आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. सारा दोष एका झाडावर टाकणे योग्य ठरणार नाही.

कार्बनचा हिशेबही वाटतो तेवढा सरळ नाही. वाळलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो. म्हणून झाड जितके वेगाने वाढेल तितका कार्बन लवकर बांधला जातो. परंतु लगद्यासाठी लावलेली झाडे काही वर्षांतच तोडली जातात. त्यांचा कागद जळाला वा कुजला की बराचसा कार्बन हवेत परततो. तोडीनंतर पुन्हा लागवड होत राहिल्यास सरासरी साठा टिकतो; मात्र तो दरवर्षी वाढत नाही. तेच लाकूड घरबांधणीत किंवा कोळशाऐवजी इंधन म्हणून वापरले, तर लाभ अधिक होतो.

त्यामुळे वृक्षारोपणाच्या योजनांचे मूल्यमापन केवळ रोपांच्या संख्येवर किंवा वाढीच्या वेगावर करणे अपुरे ठरते. कार्बन किती वर्षे बांधलेला राहणार, त्यासाठी किती पाणी लागणार आणि ते कोणाच्या विहिरीतून जाणार, हे तीन प्रश्न लागवडीपूर्वीच विचारले जाणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण तालुक्यांनाही हेच प्रश्न लागू पडतात.