मनाचा सातबारा कोरा नको



आपल्यातला एक कास्तकार मनाच्या आजारावर लिथियमची गोळी घेतो. कापूस वेचून कंबर धरली म्हणून दुसऱ्या दवाखान्यात गेला. जुना केसपेपर पावसात भिजून गेलेला. 'एक पांढरी गोळी चालू आहे' एवढेच सांगता आले. डॉक्टरांनी दुखण्यावर आयबुप्रोफेन दिले. या दोन गोळ्या एकत्र आल्या की लिथियम रक्तात साचू शकते. हात थरथरतात, तोल जातो, जिवावरही बेतते. हा थोडक्यात वाचला.

कॉम्प्युटरवर नोंद असती तर गोळीचे नाव, मात्रा, शेवटची रक्ततपासणी डॉक्टरांना तिथेच दिसली असती. हा उपचार वर्षानुवर्षे चालतो, डॉक्टर बदलत राहतात. दर वेळी पहिल्यापासून दुःख सांगायचे म्हटले की माणूस कंटाळतो आणि गोळ्या सोडून देतो.

'गावात बोभाटा होईल' ही भीती खोटी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्ततेचा आणि आपली नोंद मागण्याचा हक्क दिला आहे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही नोंद दाखवायची ती रुग्णाच्या संमतीने. पण कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून मागणी स्पष्ट ठेवा. नोंद हवी, किल्ली रुग्णाच्या हाती हवी. बँकेला, सावकाराला, सोसायटीच्या सचिवाला ती दिसता कामा नये.

जमिनीचा सातबारा कोरा करा, असे आपण म्हणतो. मनाचा सातबारा मात्र भरलेलाच हवा.