छत्री की आरसा?

घरच्या घरी कायाक बांधणाऱ्या हौशी मंडळींशी आमचे एक भांडण आहे. कायाक म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती नाव. पातळ प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवून, इपॉक्सीने सांधून, महिनोन् महिने खपून ही माणसे ती उभी करतात; आणि वॉर्निशापाशी आली की त्यांची बुद्धी फिरते! सहा हात, आठ हात, दहा हात! तोंड दिसू लागले की नाव दिवाणखान्यात टांगली जाते. पाण्यात? छे! ओरखडा पडेल ना!

घडवणाऱ्याला कौतुक हवे, हे मान्य. परंतु वॉर्निश हा दागिना नव्हे, छत्री आहे. इपॉक्सी पाणी अडवते. मात्र उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पिवळी पडते, पुढे भुकटी होऊन झडते. ते ऊन झेलण्याचे काम वॉर्निशाचे. त्याला चार-पाच पातळ हात पुरेत. पण आधी इपॉक्सीवर आलेला मेणचट थर पाण्याने धुवावा, पॉलिशपेपरने घासावे, धूळ पुसावी. चकाकीच्या घाईत नेमके हेच राहते आणि मग पापुद्रे सुटतात.

ग्रीनलंडचा शिकारी सीलच्या कातड्याच्या कायाकची शिवण चरबीने माखी, ती पाणी आत शिरू नये म्हणून, शोभेसाठी नव्हे.

ओरखडा पडला? पडू द्या! घासा, पुन्हा एक हात द्या आणि नाव पाण्यात लोटा. भिंतीवरची नाव कधी बुडत नाही, हे खरे. पण ती तरते तरी कुठे?