छातीचा एक्स-रे बघताना

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली लग्नपत्रिकांसारखे एक्स-रेही येतात. खिडकीच्या काचेला टेकवून काढलेला फोटो आणि खाली प्रश्न, ‘कुणी बघून सांगेल का?’ मी डॉक्टर नाही. पण ऑफिसात छातीच्या एक्स-रेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम आलं, तेव्हा त्यातलं अ-आ-इ-ई शिकावं लागलं. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण त्यांना काय विचारायचं ते आपल्याला कळलेलं बरं.

एक्स-रेमधला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं समजायचं. म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. हवा काळी दिसते, हाड पांढरं, धातू त्याहून पांढरा, आणि मांस, रक्त, पाणी करडं. फुप्फुस काळं दिसतं ते त्यातल्या हवेमुळे. तिथे पाणी किंवा पू भरला की पांढुरकं दिसू लागतं.

रोग शोधण्याआधी फोटो नीट आलाय का ते बघतात, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडला. माणसाने पूर्ण श्वास घेतला असेल तर श्वासपटलाच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. श्वास अर्धवट असेल तर चांगलं फुप्फुसही धुरकट दिसतं. उभं राहून, पाठीकडून किरण सोडून काढलेल्या एक्स-रेत हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याहून कमी असावी लागते. पण खाटेवर पडलेल्या पेशंटचा समोरून काढलेला एक्स-रे असेल तर हृदय फिल्मपासून लांब राहतं आणि मोठं दिसतं. दिव्याजवळ हात नेला की भिंतीवरची सावली मोठी होते, तसंच. त्यामुळे ‘हार्ट वाढलंय’ म्हणून ग्रुपवर रडारड होण्याआधी एक्स-रे कसा काढला ते विचारावं.

मग ठरलेल्या क्रमाने बघायचं: श्वासनलिका, हृदय, श्वासपटल, खालचे दोन कोपरे. कोपरा टोकदार हवा. तो बोथट झाला तर तिथे साधारण २०० मिलिलिटर पाणी साचलेलं असू शकतं. कॉलरबोनच्या वर आणि हृदयाच्या मागे हमखास नजर चुकते. एक सापडलं की शोध थांबवायचा मोहही मोठा. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं होतं. चित्रात मुद्दाम एक गोरिला घातला होता. २० जणांना तो दिसलाच नाही!

आता आपल्या ग्वाल्हेरकडे येऊ. किल्ल्याची टेकडी वालुकाश्माची, आसपासच्या खाणीही त्याच दगडाच्या. या दगडात सिलिका असते. तो फोडताना, कापताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके दिसतात. पंचाईत अशी की मोठ्या माणसांतला टीबीही बहुधा वरच्याच भागात बसतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका जास्त. नुसती सावली बघून कोणता आजार ते ठरवता येत नाही. बेडक्याची तपासणी करावी लागते (त्यासाठीचं ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे), आणि त्या माणसाला विचारावं लागतं, ‘काम काय करता?’

हे न विचारता टीबीची औषधं सुरू झाली, तर टीबी नसलेला दगडफोड्या महिनोन्‌महिने गोळ्या खातो आणि परत त्याच धुळीत जातो. टीबी औषधाने बरा होतो, सिलिकोसिस होत नाही. शिवाय भरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस कामामुळे होणारा आजार म्हणून धरला आहे. कागदावर फक्त ‘टीबी’ लिहिलं गेलं तर भरपाई मागणार कशाच्या आधारावर?

संगणकाचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्यांच्या टीबीच्या प्राथमिक चाळणीसाठी त्याला मान्यता दिली. निदान मात्र तपासणीनंतरच. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या गावात हे वरदानच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण २०१८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांना दिसलं की न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं सॉफ्टवेअर एक्स-रे कोणत्या हॉस्पिटलचा आहे तेही ओळखत होतं. कोपऱ्यातल्या धातूच्या खुणेसारख्या गोष्टींवरही त्याची नजर होती. ज्या हॉस्पिटलात न्यूमोनियाचे पेशंट जास्त, तिथल्या एक्स-रेला ‘न्यूमोनिया’ म्हणणं सोपं!

तेव्हा ग्रुपवर एक्स-रे टाकायचाच असेल तर सोबत वय, त्रास किती दिवसांचा, उभ्याने काढला की पडून, जुना एक्स-रे आहे का, आणि तो माणूस आयुष्यभर काय काम करत आला, एवढं लिहा. डॉक्टरांकडे जातानाही हेच कागदावर घेऊन जा. जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका.