जळका ट्रान्झिस्टर आणि कारणमीमांसा

आमच्या आष्टीत हौसेने ॲम्प्लिफायर जोडणाऱ्यांची वाण नाही. भजनी मंडळासाठी कुणी नगरहून सुटे भाग आणतो, रात्र जागून जोडणी करतो. आवाज घुमतो, आणि तासाभरात जळका वास येऊन सारे शांत! मग जळालेला आउटपुट ट्रान्झिस्टर काढून तसाच दुसरा बसवायचा. तोही जळतो. खापर बनावट मालावर फुटते. बनावट माल बाजारात असतो हे खरे; पण दरवेळी तोच कसा?

१८५७ च्या उठावाचे कारण केवळ काडतुसे, असे उत्तरपत्रिकेत लिहिले तर आपले प्राध्यापक गुण देतील काय? जळालेला ट्रान्झिस्टर हे असेच काडतूस आहे.

नेहमीच्या २एन३०५५ चे उदाहरण घ्या. ट्रान्झिस्टर तापला की तेवढ्याच प्रवाहासाठी त्याला दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट कमी दाब पुरतो. आपण दिलेला दाब मात्र तेवढाच राहतो. म्हणून प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते, उष्णतेने पुन्हा प्रवाह. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र! दाब ठरवणारा डायोड त्याच ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चिकटवला, तर तोही तापतो आणि दाब आपोआप उतरतो. पुष्कळांच्या जोडणीत तो दूर कोपऱ्यात गार बसलेला असतो. शिवाय या ट्रान्झिस्टरचे धातूचे कवच म्हणजेच त्याचा कलेक्टर. मधली अभ्रकाची चकती फाटली की शॉर्ट झालाच. आणि ८ ओहमचे दोन कर्णे समांतर जोडले की भार ४ ओहम होतो, प्रवाह दुप्पट मागतो. त्यात आपला चाळीस अंशांपुढचा उन्हाळा.

नवा भाग घातल्यावर वीज थेट देऊ नये. मेन्सच्या वाटेत साठ किंवा शंभर वॅटचा जुना तारेचा दिवा मालिकेत घालावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि ट्रान्झिस्टरऐवजी दिव्याने ते ओझे घेतले. हा शोधाचा भाग शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांचा, असे आपल्यापैकी बरेच जण म्हणतील. मला ते पटत नाही. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणाऱ्यांविषयी तर काय बोलावे!

तीनदा जळाल्यावर पोरगा तो डबा माळ्यावर टाकतो. मंडळ वर्गणीतून तयार यंत्र आणते, आणि पुढच्या वर्षी ते बिघडले की उघडून पाहणारा गावात कुणी उरत नाही.